बुद्धी, जनुके आणि शाळा : वाचकांचे प्रश्न

मुलांची बुद्धी आणि शिक्षण यांत आनुवंशिकतेचा वाटा किती, या विषयावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. लाळेच्या नमुन्यावरून बुद्धिमत्ता, गणिताची क्षमता आणि योग्य करिअर सांगणारी डीएनए चाचणी एका खासगी प्रयोगशाळेने शाळेत मांडली. दुसरी एक संस्था हेच बोटांच्या ठशांवरून सांगते. करून घ्यावी का? — एक पालक, पिंपरी-चिंचवड

दोन्ही करू नका. पण दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

ठशांच्या चाचणीला, म्हणजे ‘डीएमआयटी’ला, काहीही आधार नाही. बोटांवरच्या रेषा गर्भावस्थेच्या पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात आणि मेंदूही त्या काळात घडत असतो, हे खरे. त्यावरून रेषांच्या नक्षीत गणित किंवा संगीत वाचता येते, हे मात्र कोणीही सिद्ध केलेले नाही. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीर केले आहे.

डीएनए चाचणीमागे खरे संशोधन आहे आणि म्हणूनच तिच्यामुळे फसगत होण्याची शक्यता जास्त. २०१३ मध्ये सुमारे १ लाख २६ हजार लोकांचे डीएनए आणि त्यांच्या शिक्षणाची वर्षे ताडून पाहिली गेली. त्यात शिक्षणाशी खात्रीने संबंध असलेल्या अवघ्या ३ जागा (डीएनएमधली अशी ठिकाणे, जिथे माणसामाणसांत एखादे अक्षर वेगळे असते) सापडल्या आणि प्रत्येकीचा परिणाम जेमतेम महिनाभराच्या शिक्षणाइतका होता. २०१८ मध्ये ११ लाख लोकांत १,२७१ जागा मिळाल्या, २०२२ मध्ये ३० लाख लोकांत ३,९५२. ‘हुशारीचे जनुक’ असे काही नाही, हा यातला पहिला धडा. प्रत्येक जागेवर ठरावीक अक्षराच्या किती प्रती आहेत (०, १ किंवा २) ते मोजायचे, त्या आकड्याला त्या जागेच्या वजनाने, म्हणजे तिच्या परिणामाच्या आकाराने, गुणायचे आणि सगळ्याची बेरीज करायची, की ‘पॉलिजेनिक स्कोअर’ तयार होतो. चाचणीवाले अहवालात हीच बेरीज रंगीत आलेखांत छापतात.

माणसामाणसांतला शिक्षणाचा जो फरक असतो, त्यातला १२ ते १६ टक्के या बेरजेने समजतो. लाखो लोकांचा अभ्यास करणाऱ्याला हा आकडा मोठा आहे, एका मुलासाठी मात्र फार छोटा. समजा, एखाद्या परीक्षेत मुलांचे गुण सरासरीपासून साधारण १० गुणांनी इकडे-तिकडे असतात. मुलाविषयी काहीच माहीत नसताना अंदाज १० गुणांनी चुकतो, स्कोअर हाती असताना ९.३ गुणांनी. मागच्या परीक्षेची गुणपत्रिका याहून पुष्कळ जास्त सांगते.

त्यातही हे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांतले आहेत. २०१८ चाच स्कोअर आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी लोकांना लावला, तेव्हा त्याने जेमतेम दीड टक्का फरक समजला. चाचणीत मोजलेली जागा बहुतेक वेळा स्वतः काही करत नाही, ती खऱ्या कारणाच्या शेजारी असते एवढेच. हे शेजार प्रत्येक लोकसमूहात वेगळे असल्याने युरोपात ठरवलेली वजने मराठी मुलाला जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट अशा अहवालांत कधी येत नाही. आइसलँडमध्ये २१ हजारांहून अधिक लोकांचा आणि त्यांच्या आईवडिलांचा डीएनए एकत्र तपासला गेला. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आईवडिलांच्या जनुकांचा जो अर्धा भाग मुलाला मिळालाच नव्हता, त्याचाही मुलाच्या शिक्षणाशी संबंध दिसला आणि त्याचे बळ मिळालेल्या भागाच्या सुमारे ३० टक्के होते. न मिळालेले जनुक मुलाच्या मेंदूत काही करू शकत नाही. ते आईवडिलांच्या शिक्षणातून, मिळकतीतून, घरातल्या पुस्तकांतून आणि बोलण्यातून मुलापर्यंत पोहोचते. त्यामुळे एकाच घरातली भावंडे ताडून पाहिली, की स्कोअरचे बळ जवळपास निम्म्यावर येते. मुलाच्या नावाने मिळालेला अहवाल बऱ्याच अंशी तुमच्या घराचाच असतो आणि घराची माहिती तुम्हाला आधीपासून आहे.

तेवढ्या पैशांत डोळे आणि कान तपासून घ्या, रक्तातील हिमोग्लोबिन पाहा. सात वर्षांच्या मुलात ते ११.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो पांडुरोग आहे. त्याचा लक्ष देण्यावर परिणाम होतो आणि त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : ‘बुद्धी ५० टक्के आनुवंशिक असते’ असे प्रशिक्षणात सांगितले गेले. म्हणजे मुलाची अर्धी बुद्धी जन्मतः ठरलेली आणि उरलेली अर्धीच आमच्या हाती, असे समजायचे का? — एक शिक्षिका, कोल्हापूर

नाही. तो आकडा एका मुलाच्या आतल्या वाटणीचा नाही, एका समूहातल्या मुलामुलांमधल्या फरकांचा आहे. तो कसा काढतात ते पाहिले की गोंधळ उरत नाही.

एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ पूर्ण सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. उदाहरणादाखल समजा, एकबीज जोड्यांच्या गुणांतला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.८० आणि द्विबीजांचा ०.५५ आला. फरक ०.२५, त्याची दुप्पट ०.५०. हा आनुवंशिकतेचा ‘५० टक्के’. ०.८० मधून ०.५० वजा केले की उरलेले ०.३० सामाईक परिस्थितीचे, म्हणजे घर, वस्ती, शाळा यांचे. बाकीच्या ०.२० मध्ये प्रत्येकाचे वेगळे अनुभव आणि मोजमापातल्या चुका येतात. एकबीज जुळ्यांना लोक जास्त सारखे वागवत असतील, किंवा आईवडिलांनी शिक्षण पाहूनच एकमेकांची निवड केली असेल (आपल्याकडे स्थळ पाहताना पदवी पाहतातच), तर हे गणित सरकते.

हा आकडा वयाप्रमाणेही बदलतो. वेगवेगळ्या देशांतल्या ११ हजार जुळ्यांच्या जोड्यांच्या एकत्रित अभ्यासात तो ९ व्या वर्षी ४१ टक्के, १२ व्या वर्षी ५५ टक्के आणि १७ व्या वर्षी ६६ टक्के आला. वय वाढते तसे मूल आपली पुस्तके, मित्र, छंद स्वतः निवडू लागते आणि सुरुवातीचा छोटा कल त्यातून मोठा होत जातो.

आणि तो समाजाप्रमाणेही बदलतो. एस्टोनियात सोव्हिएत काळात शिकलेल्यांमध्ये डीएनए स्कोअरने शिक्षण व व्यवसायातला सुमारे २ टक्के फरक समजत होता, स्वातंत्र्यानंतर शिकलेल्यांमध्ये सुमारे ६ टक्के. जनुके तीच होती, बदलली होती व्यवस्था. मुलांना मिळणारी संधी समान होत गेली, की उरलेल्या फरकांत जनुकांचा टक्का वाढतो. त्यामुळे टक्का जास्त दिसला म्हणून ‘शाळेचा उपयोग नाही’ असा अर्थ लावणे चूकच.

तुमच्या कामासाठी महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. सहा लाखांहून अधिक लोकांवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये झाले. शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षाने बुद्ध्यंक १ ते ५ गुणांनी वाढतो, असे त्यात दिसले. नॉर्वेने सक्तीचे शिक्षण ७ वर्षांवरून ९ वर्षांवर नेले, तेव्हा त्या मुलांचा १९ व्या वर्षीचा बुद्ध्यंक प्रत्येक जादा वर्षामागे सुमारे ३.७ गुणांनी वाढलेला आढळला. आनुवंशिक फरक आणि शिकवण्याचा परिणाम हे एकमेकांच्या वाट्यातून घेत नाहीत.

या टक्क्यावरून दोन जातींतल्या, दोन जिल्ह्यांतल्या किंवा दोन शाळांतल्या मुलांची तुलना कधीही करू नका. मेंदूच्या वाढीला लागणारे आयोडीन एका गावात पुरेसे आहे, दुसऱ्यात नाही. प्रत्येक गावाच्या आतले फरक बरेचसे आनुवंशिक असू शकतात आणि तरीही दोन गावांमधली दरी सगळीच्या सगळी आयोडीनची असू शकते. प्रशिक्षणात हे सांगितले जात नसेल, तर तो टक्का सांगूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

परीक्षेचे गुण म्हणजे बुद्ध्यंक नव्हे, हेही लक्षात असू द्या. इंग्लंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासात १६ व्या वर्षीच्या शालान्त परीक्षेतले ६२ टक्के फरक आनुवंशिक निघाले. त्यात बुद्धिमत्तेचा वाटा सर्वांत मोठा होता. पण आत्मविश्वास, वागणूक, स्वभाव, शाळेविषयीची ओढ हे सगळे मिळून तेवढाच वाटा उचलत होते.

प्रश्न : थोरला सहज पहिला येतो, धाकटी मागे पडते. घर एक, शाळा एक, शिकवणीही एक. मग फरक का? — एक आई, नाशिक

सख्ख्या भावंडांची जनुके सरासरी निम्मी सारखी असतात. प्रत्यक्षात हे प्रमाण साधारण ३७ ते ६२ टक्के असे कुठेही असू शकते. म्हणून फरक अपेक्षितच आहे. त्यात जन्मक्रमाची भर पडते. नॉर्वेत सुमारे २ लाख ४० हजार तरुणांच्या अभ्यासात पहिल्या मुलाचा बुद्ध्यंक दुसऱ्यापेक्षा सुमारे २.३ गुणांनी जास्त आढळला. ज्यांचे थोरले भावंड तान्हेपणीच दगावले होते, त्या दुसऱ्या मुलांचे गुण मात्र पहिल्या मुलांसारखेच होते. म्हणजे हा परिणाम गर्भाचा नाही, घरातल्या जागेचा आहे.

मुलीची जन्मतारीख पाहा. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांमध्ये ती असेल, तर पहिली-दुसरीत ११ महिन्यांचा फरकही मोठा असतो आणि तो ‘कमी हुशारी’ म्हणून नोंदला जातो. कान आणि डोळे तपासा. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठते, ऐकू कमी येते आणि ते घरात कोणाच्या लक्षात येत नाही. एवढे करूनही वाचनच अडत असेल, तर या पानांतले शेवटचे उत्तर वाचा.

प्रश्न : बुद्धी आईकडूनच येते, कारण तिची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात, हे खरे का? — एक वाचक, सोलापूर

नाही. शिक्षणाशी संबंधित जागा सर्व गुणसूत्रांवर विखुरलेल्या आहेत आणि एक्सचा वाटा अगदी थोडा आहे. हा समज आला तो वेगळ्या ठिकाणाहून. बौद्धिक अक्षमतेला कारणीभूत ठरणारी १०० हून अधिक जनुके एक्सवर आहेत आणि मुलग्यांकडे एक्स एकच असल्याने त्यातला दोष त्यांच्यात उघडा पडतो. ‘फ्रॅजाइल एक्स’ हे त्याचे मुख्य उदाहरण. त्यात एका जनुकातली तीन अक्षरांची पुनरावृत्ती २०० च्या वर जाते. मामा किंवा मावसभाऊ असे आईकडच्या नात्यातले एकाहून अधिक पुरुष मतिमंद असतील, तर ही तपासणी जरूर करावी.

प्रश्न : आम्ही आयव्हीएफ करत आहोत. येथे भ्रूणांचा ‘बुद्धिमत्ता स्कोअर’ काढून देणाऱ्या कंपन्या आहेत. उपयोग होईल का? — एक दांपत्य, न्यू जर्सी

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार, हाताशी १० चांगले भ्रूण असताना सर्वांत वरचा निवडला, तर अपेक्षित फायदा सुमारे २.५ गुणांचा. बुद्ध्यंक चाचणी दोन वेगळ्या दिवशी दिली तरी एवढा फरक सहज पडतो. भ्रूण चार-पाचच असतील, स्कोअर भारतीय वंशाला लागू नसेल, तर फायदा आणखी घटतो. शिवाय निवडलेला भ्रूण रुजेलच असे नाही. स्कोअरसाठी चांगला भ्रूण बाजूला ठेवणे, हे यातले खरे नुकसान. भारतात गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने अशी तपासणी गुणसूत्रांचे दोष व ठरावीक आनुवंशिक आजार यांपुरतीच मर्यादित ठेवली आहे.

प्रश्न : मामेबहिणीशी लग्न ठरले आहे. मुलांच्या बुद्धीवर परिणाम होईल का? मावशीचा एक मुलगा लहानपणापासून मंद आहे, कारण कधी कळले नाही. — एक वाचक, बार्शी

आते-मामे भावंडांची जनुके सरासरी १२.५ टक्के सामाईक असतात. एखाद्या अप्रभावी आजाराचे (जो आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतो) जनुक आजोबांकडून दोघांकडेही आले असेल, तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के. सर्वसाधारण जोडप्यांत मोठ्या जन्मजात दोषांचे प्रमाण २ ते ३ टक्के असते, आते-मामे जोडप्यांत ते साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगीच जन्मतात. पण मावशीच्या मुलामुळे तुमचा प्रश्न वेगळा झाला आहे.

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तुमची नव्हे, मावशीच्या मुलाची तपासणी करा : क्रोमोझोमल मायक्रोअरे (गुणसूत्रांचा एखादा तुकडा कमी-जास्त आहे का ते पाहणारी), फ्रॅजाइल एक्स आणि त्यात काही न सापडल्यास एक्झोम (प्रथिने घडवणाऱ्या जनुकभागांचे वाचन). नेमका दोष कळला, की तुम्हा दोघांत तेवढाच शोधता येतो. उलट क्रमाने गेल्यास खर्च होतो आणि ‘अर्थ अनिश्चित’ अशा शेऱ्यांची यादी हाती येते. आनुवंशिकी समुपदेशकाकडे जाताना तीन पिढ्यांची वंशावळ लिहून न्या. त्यात गर्भपात, तान्हेपणी दगावलेली मुले आणि नात्यातली लग्नेही नोंदवा. हे सगळे गर्भधारणेपूर्वी व्हावे. दोष दोघांतही सापडला, तर ११ ते १३ व्या आठवड्यात वारेच्या पेशींची तपासणी करता येते.

प्रश्न : गर्भसंस्कारांनी बाळाची जनुके सुधारतात का? — एक गर्भवती, सांगली

जनुके बदलत नाहीत. संगीताने तुम्हाला शांत वाटत असेल तर जरूर ऐका. पण मेंदूसाठी खात्रीचे काम पुढच्या गोष्टी करतात.

सरकारी कार्यक्रमातली लोह व फोलिक अॅसिडची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड) चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज घ्यायची असते. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, लोह शोषले जात नाही. मीठ आयोडीनयुक्तच हवे. घरी पोहोचेपर्यंत त्यात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असले पाहिजे. शेगडीजवळ उघड्या भांड्यात ठेवले की ते उडून जाते. नुसत्या सैंधवावर राहू नका. थायरॉइडची तपासणी पहिल्या तिमाहीतच करून घ्या. मिश्री आणि तंबाखू पूर्ण बंद.

शाकाहारी असाल तर बी-१२ कडे खास लक्ष द्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणी ज्या मातांचे बी-१२ कमी होते, त्यांची मुले ९ व्या वर्षी लक्ष देण्याच्या आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचण्यांत मागे आढळली.

बाळ जन्मल्यावर ४८ ते ७२ तासांत टाचेतून थेंबभर रक्त घेऊन टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे संप्रेरक) पाहायला सांगा. जन्मजात थायरॉइड कमतरता आपल्याकडे हजारात सुमारे एका बाळाला असते, बाळ दिसायला व्यवस्थित असते आणि उपचार दोन आठवड्यांत सुरू झाले तर बुद्धी सामान्य राहते. उशीर झाला तर झालेले नुकसान भरून येत नाही. गोव्याने नवजात तपासणी २००८ मध्ये सरकारी पातळीवर सुरू केली. तुमच्या रुग्णालयात ती आपोआप होत नसेल, तर मागून घ्या.

प्रश्न : माझे शिक्षण वाचन न जमल्याने सुटले. मुलगी दुसरीत, मराठी माध्यमात आहे. तोंडी सगळे येते, पण वाचताना अडखळते. माझेच तिच्यात आले का? थांबून पाहावे का? — एक वडील, जळगाव

आले असण्याची शक्यता बरीच आहे. आईवडिलांपैकी एकाला डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन न जमणे, असेल, तर मुलांत तो साधारण ४० टक्क्यांपर्यंत आढळतो. एकंदर मुलांत ५ ते १० टक्के. यातही एक जनुक नाही. २०२२ च्या अभ्यासात सुमारे ५२ हजार डिस्लेक्सियाग्रस्तांची तुलना ११ लाख इतरांशी केली, तेव्हा ४२ जागा सापडल्या. डीएनए चाचणीने काही कळणार नाही. तुमचा स्वतःचा इतिहास हीच सध्या सर्वांत उपयोगी आनुवंशिक माहिती आहे. ती शाळेत आणि डॉक्टरांना सांगा. थांबू मात्र नका.

घरी पुढील गोष्टी पाहा. ‘कमळ’मधून ‘क’ काढला तर काय उरते? ‘पाटी’तल्या ‘पा’च्या जागी ‘वा’ ठेवला तर? हे तोंडी विचारा, पाटी-पुस्तक नको. मग ‘टमूक’, ‘लाणीप’ असे निरर्थक शब्द लिहून वाचायला द्या. पाठ झालेले धडे मुले आठवणीने म्हणतात, निरर्थक शब्दांत ते जमत नाही. घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल, मात्रा-वेलांट्या गळणे, जोडाक्षरावर थबकणे यांची नोंद ठेवा. मराठीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते सरळ असल्याने अशी मुले काही वर्षांनी बरोबर वाचू लागतात, पण फार हळू. म्हणून ‘आता वाचते की’ असे म्हणून प्रश्न सोडून दिला जातो. चुकांबरोबर एका मिनिटात किती शब्द वाचले तेही मोजा.

सराव रोज २० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. एका वेळी एकच चिन्ह घ्या : आठवडाभर फक्त वेलांट्या, ‘कि-की, मि-मी’, आधी ऐकून ओळखायच्या, मग बोलत बोलत लिहायच्या. पाच-सहा ओळींचा एकच उतारा मोठ्याने तीनदा वाचून घ्या, वेग तिथे वाढतो. दहा-दहा वेळा शुद्धलेखन लिहायला लावू नका. त्यात हात चालतो, उच्चार आणि अक्षर यांची जोडणी होत नाही, आणि मूल कंटाळते.

शाळेला ‘डाली’ ही चाळणी चाचणी मागा. ती राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केली आहे, मराठीतही आहे, आणि पहिली-दुसरीसाठी वेगळी, तिसरी ते पाचवीसाठी वेगळी आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया त्यातच येतो) समावेश आहे, परंतु प्रमाणपत्र वयाच्या ८ व्या वर्षानंतरच मिळते आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते. मुंबईत शीव, नायर आणि केईएम या रुग्णालयांत ही सोय आहे. तुमच्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या बालरोग किंवा मानसोपचार विभागात चौकशी करा. जाताना दृष्टी व श्रवण तपासणीचे अहवाल, दोन वर्षांच्या गुणपत्रिका आणि न सुधारलेल्या दोन-तीन वह्या न्या. पालकांनी चुका खोडून स्वच्छ केलेल्या वह्या तपासणाऱ्याच्या काही उपयोगाच्या नसतात. दहावीला वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती हव्या असतील, तर अर्ज शाळेमार्फत मंडळाकडे जातो. त्यासाठी कागदपत्रे नववीतच पूर्ण करून ठेवा, दहावीच्या दुसऱ्या सत्रात रुग्णालयांत तपासणीची तारीख मिळणे अवघड होते.